अतृप्त मृतांचे दिवस : चिनी सणांतील आचार आणि कारणकथा

१

इ.स. २०६ च्या सुमारास उत्तर चीनमधील बिंगझोऊ प्रांत जिंकल्यानंतर सत्ताधीश सेनापती त्साव त्साव याने एक हुकूम काढला. ताययुआन, शांगदांग, शीहे आणि यानमन या प्रदेशांतील लोक हिवाळी अयनदिनानंतर एकशे पाचव्या दिवशी चुली विझवतात, थंड अन्न खातात आणि हे सर्व ज्ये झीतुई याच्या स्मरणार्थ करतो असे सांगतात, हे आपल्या कानी आले आहे. ही प्रथा यापुढे बंद व्हावी, असा त्या हुकुमाचा आशय होता. हुकूम मोडणाऱ्या घराच्या कर्त्याला सहा महिन्यांची, संबंधित कारकुनाला शंभर दिवसांची शिक्षा आणि तालुक्याच्या अधिकाऱ्याचा एक महिन्याचा पगार जप्त, अशी तरतूद त्यात होती. उत्तरेकडील कडाक्याच्या थंडीत म्हातारे, मुले आणि दुबळी माणसे या प्रथेला बळी पडतील, ही काळजी हुकुमात बोलून दाखविली आहे. तिच्या जोडीला एक युक्तिवादही आहे. वू झीशू नदीत गेला, म्हणून वू प्रदेशातील लोकांनी पाणी वर्ज्य केले नाही. मग झीतुईसाठीच अग्नी वर्ज्य करणे न्यायाचे कसे?

दोन प्रदेशांतील दोन मृत माणसे आणि त्यांच्यामागे चालत आलेले दोन आचार समोरासमोर ठेवून केलेला हा विचार तौलनिक अभ्यासकाला जवळचा वाटेल. त्साव त्सावने प्रश्न बरोबर विचारला होता. त्याचे उत्तर मात्र त्याच्याजवळ नव्हते, कारण कथेतून आचार निर्माण झाला हे त्यानेही गृहीत धरले होते. आजही चिनी सणांवरील बहुसंख्य लेखन याच गृहीतकावर उभे असते. सणाचे नाव, त्याखाली एक कथा आणि त्या कथेचे ‘फलित’ म्हणून आजचा आचार, अशी त्याची मांडणी असते. नववर्षाचे उदाहरण घ्यावे. ‘न्येन’ नावाचा हिंस्र प्राणी वर्षाच्या शेवटी गावावर चालून येई, तो लाल रंगाला आणि आवाजाला भीत असे, म्हणून लाल कागद आणि फटाके, ही कथा आता चीनमध्ये आणि चीनबाहेर पाठ्यपुस्तकांतूनही सांगितली जाते. परंतु ‘न्येन’ म्हणजे वर्ष, आणि या शब्दाच्या चिन्हाचा जुना अर्थ पिकलेले धान्य असा आहे. सहाव्या शतकातील एका ग्रंथात वर्षाच्या पहिल्या दिवशी अंगणात बांबू तडतडवीत जाळण्याची नोंद आहे. परंतु तेथे हा आवाज डोंगरातल्या पिशाच्चांना पळविण्यासाठी आहे. वर्षाच्या नावाने वावरणाऱ्या प्राण्याची आजची कथा विसाव्या शतकापूर्वीच्या साधनांत आढळत नाही. येथे आचार सुमारे दीड हजार वर्षांचा आहे आणि कथा शंभर वर्षांच्या आसपासची.

प्रस्तुत निबंधात दोन सणांचा, थंड अन्नाचा सण (हानशी) आणि पाचव्या महिन्यातील पाचव्या दिवसाचा सण (दुआनवू) यांचा, उपलब्ध लिखित साधनांच्या क्रमाने विचार केला आहे. सातव्या महिन्यातील मृतांचा सण पडताळ्यासाठी घेतला आहे. प्रतिपाद्य थोडक्यात असे : कारणकथा सणाचे मूळ सांगत नाही, तो दिवस कोणाच्या नावे लावावा, याविषयीचा दावा ती सांगते. हा दावा ज्या मृतांच्या आधारे केला जातो त्यांची निवड योगायोगाने झालेली नाही.

२

ज्ये झीतुईची सर्वांत जुनी हकीकत ‘झुओझुआन’ या प्राचीन इतिवृत्तात इ.स.पू. ६३६ या वर्षाखाली येते. जिन राज्याचा राजपुत्र छुंगअर एकोणीस वर्षे परागंदा होता. गादी मिळाल्यावर त्याने वनवासातील सोबत्यांना बक्षिसे दिली. झीतुईने काही मागितले नाही आणि त्याला काही मिळालेही नाही. आईला बरोबर घेऊन तो निघून गेला आणि अज्ञातवासातच मरण पावला. राजाला तो सापडला नाही, तेव्हा त्याने म्यानशांग येथील जमीन त्याच्या नावे लावून दिली. या जमिनीने आपल्या चुकीची खूण राहावी आणि सज्जनाचा गौरव व्हावा, असा हेतू त्याने सांगितल्याचे इतिवृत्तकार नोंदवितो. या हकिकतीत आग नाही, झाड नाही आणि थंड अन्नही नाही.

‘झुआंगझी’ या ग्रंथाच्या एका उत्तरकालीन प्रकरणात चित्र बदलते. तेथे झीतुई भुकेल्या राजपुत्राला स्वतःच्या मांडीचे मांस कापून खाऊ घालतो, पुढे राजा त्याला विसरतो, तो संतापून निघून जातो आणि झाडाला कवटाळून जळून मरतो. डोंगराला आग कोणी आणि का लावली, याचे उत्तर नंतरच्या कथाकारांनी पुरविले : झीतुईला बाहेर काढण्यासाठी राजानेच ती लावली. आता अपराधी राजा, जळलेला एकनिष्ठ सेवक आणि अग्नीविषयीचा निषेध यांची साखळी पूर्ण झाली.

आचाराची पहिली ठाम नोंद मिळते ती इ.स.च्या पहिल्या शतकाच्या आरंभी हुआन तान याच्या लेखनात. ताययुआन भागातील लोक भर हिवाळ्यात पाच दिवस चूल पेटवीत नाहीत आणि आजारपण किंवा निकड असली तरी नियम मोडण्यास धजत नाहीत, असे तो सांगतो. दुसऱ्या शतकात झोऊ जू हा अधिकारी बिंगझोऊत आला तेव्हा ही मुदत एक महिन्यापर्यंत वाढलेली होती आणि दर वर्षी म्हातारी माणसे व मुले दगावत होती. झोऊ जूने त्यावर जो उपाय केला तो चिनी प्रशासनाच्या इतिहासातही वेगळा ठरावा. त्याने झीतुईला उद्देशून एक पत्र लिहिले आणि ते त्याच्या देवळात ठेवले. भर थंडीत अग्नी काढून घेतल्याने लोकांचे प्राण जातात आणि सत्पुरुषाची अशी इच्छा असणार नाही, हे त्याने मृतालाच सांगितले. मग लोकांना ऊन अन्नाकडे वळविले. भ्रम काहीसा ओसरला आणि रीत बरीच बदलली, असे इतिहासकार म्हणतो.

हा आचार वसंतातील ‘नव्या अग्नी’च्या जुन्या विधीचा अवशेष आहे, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. झोऊ राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात वसंताच्या मध्यावर लाकडी टाळ वाजवीत राजधानीत अग्नीविषयी ताकीद देणाऱ्या अधिकाऱ्याचा उल्लेख आहे, हे त्याला आधारभूत धरले जाते. परंतु सर्वांत जुन्या नोंदी हा आचार भर हिवाळ्यात ठेवतात. तो वसंतात सरकला तो नंतर. त्यामुळे हे स्पष्टीकरण पूर्णपणे बसत नाही. नोंदींवरून निश्चितपणे इतकेच दिसते की, लोकांना झीतुईची भीती वाटत होती. हुआन तानच्या नोंदीतील ‘धजत नाहीत’ हा भाव कृतज्ञ स्मरणाचा नाही.

त्साव त्सावच्या हुकुमाने ही भीती संपली नाही. चौथ्या शतकात उत्तर चीनवर राज्य करणाऱ्या शी ल (कारकीर्द ३१९ ते ३३३) याच्या काळात मोठी गारपीट झाली. थंड अन्नाचा सण बंद केल्यामुळे झीतुईचा कोप झाला, असा अर्थ दरबारात लावला गेला आणि त्याच्या स्वतःच्या प्रदेशापुरता तो सण पुन्हा सुरू करण्यात आला. पुढे तांग राजवटीत, इ.स. ७३२ मध्ये, सम्राट शुआनझुंगने थंड अन्नाच्या दिवशी पूर्वजांच्या थडग्यांना भेट देण्याच्या लोकप्रथेला राजमान्य विधींत स्थान दिले. हळूहळू हा दिवस लगतच्या छिंगमिंग या सणात विरून गेला. कोपिष्ट मृताचा दिवस अशा रीतीने प्रत्येक घराच्या स्वतःच्या मृतांचा झाला. झीतुईची कथा उरली, पण ती आता सात्त्विक होती.

३

पाचव्या महिन्यातील पाचव्या दिवसाची हकीकत अधिक गुंतागुंतीची आहे. हा दिवस उन्हाळी अयनदिनाच्या जवळपास येतो. उष्णता आणि दमटपणा वाढतो, साप, विंचू आणि गोम बाहेर पडतात, रोगराईला सुरुवात होते. हा दिवस मुळात अशुभ होता, याचा उत्तम पुरावा स्सुमा छ्येनच्या ‘शिजी’ या इतिहासग्रंथात आहे. छी राज्यातील मंगछांग या सरदाराचा जन्म या दिवशी झाला. या दिवशी जन्मलेले मूल दाराच्या चौकटीइतके उंच झाले की आईबापांचा घात करते, अशी समजूत असल्याने बापाने त्याला न वाढविण्याचा हुकूम दिला. आईने ते गुपचूप वाढविले. मोठेपणी मुलाने बापाला विचारले की, माणसाचे नशीब आभाळाकडून येते की दाराकडून? दाराकडून येत असेल, तर दार उंच करून घ्यावे, म्हणजे झाले.

हान काळातील नोंदींत या दिवसाचे आचार रक्षणाचे आहेत. दारांवर लाल दोऱ्या आणि पाच रंगांचे शिक्के लावून दुष्ट वारे थोपवावेत, असे राजकीय विधींच्या वर्णनात सांगितले आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यिंग शाव याने दंडावर पाच रंगांचे रेशमी धागे बांधण्याची रीत नोंदविली. त्याने शस्त्रापासून, भुताखेतांपासून आणि रोगापासून संरक्षण मिळते, असे मानत. तिसऱ्या शतकात झोऊ छू या लेखकाने पानात गुंडाळून शिजविलेल्या चिकट धान्याच्या कोनाकृती पुड्यांचे वर्णन केले. याच आज ‘झुंगझी’ म्हणून ओळखल्या जातात. या दिवशी व अयनदिनी त्या खातात आणि त्या ऋतूत यिन् व यांग ही तत्त्वे एकमेकांत गुरफटलेली असतात याचे ते प्रतीक होय, असा त्याचा खुलासा आहे. ज्या कवीच्या नावाने आज हा सण ओळखला जातो, त्या छ्यू युआनचा त्या खुलाशात संबंध नाही.

छ्यू युआन (सुमारे इ.स.पू. ३४० ते २७८) हा दक्षिणेकडील छू राज्याचा सरदार आणि मंत्री होता. चुगलीमुळे तो राजा हुआयच्या मर्जीतून उतरला, पुढे हद्दपार झाला आणि छिन राज्याच्या सैन्याने छूची राजधानी यिंग जिंकली त्या काळात मिलुओ नदीत त्याने प्राण दिला, असे परंपरा मानते. ‘शिजी’त त्याचे चरित्र आहे. नदीकाठी कोळ्याशी त्याचा झालेला संवाद त्यात आहे आणि दगड कवटाळून त्याने नदीत उडी घेतल्याचेही आहे. परंतु तारीख नाही, नावा नाहीत आणि भातही नाही. स्सुमा छ्येनला या तपशिलांत रस नव्हता असे म्हणता येत नाही. मंगछांगच्या जन्माचा दिवस त्याने आवर्जून दिला आहे.

कवी आणि सण एकत्र आलेले स्पष्टपणे दिसतात ते पाचव्या-सहाव्या शतकांच्या संधीवर. वू जुन (४६९ ते ५२०) याच्या अद्भुतकथांच्या संग्रहात पुढील कथा येते. छ्यू युआन पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी बुडाला म्हणून छूचे लोक बांबूच्या नळीत तांदूळ भरून नदीत सोडत. पूर्व हान काळाच्या आरंभी चांग्शा येथील एका माणसाला छ्यू युआन म्हणविणारी एक व्यक्ती दिसली. तुम्ही अर्पण केलेले अन्न नदीतला नाग चोरतो, असे तिने सांगितले. यापुढे नळीचे तोंड बकाण निंबाच्या पानांनी बंद करावे आणि पाच रंगांच्या धाग्याने बांधावे. नाग या दोनच वस्तूंना भितो.

या कथेची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पाच रंगांचा धागा कथेपूर्वीच, रोगनिवारक म्हणून, चालत आलेला होता. कथेने तो टाकला नाही. त्याला नवा शत्रू दिला. पूर्वी धागा रोगाला अडवीत होता, आता नागाला अडवतो. आचाराची वस्तू तीच, तिचे रक्षणाचे कार्य तेच. फक्त ज्याचे रक्षण करायचे तो बदलला. पूर्वी लोक स्वतःला वाचवीत होते, आता ते मृताचा घास वाचवतात. कारणकथा आचाराला आपलेसे करते ती याच पद्धतीने. ती आचाराच्या हालचाली कायम ठेवून त्यांचा हेतू पालटते.

सहाव्या शतकातील झुंग लिनने मध्य यांगत्से खोऱ्यातील वर्षभराच्या चालीरीतींची जी नोंदवही लिहिली, तीत या दिवशी औषधी वनस्पती गोळा करणे, दवण्याच्या कुळातील वनस्पतीच्या बाहुल्या दारावर टांगणे आणि नावांच्या शर्यती यांचे वर्णन येते. शर्यतींचा संबंध छ्यू युआनला वाचविण्याच्या धडपडीशी लावला आहे. पण सुइ काळातील टीकाकार तेथेच एक हरकत नोंदवितो : पूर्वेकडील वू प्रदेशात ही प्रथा वू झीशूसाठी आहे, तिचा छ्यू युआनशी संबंध नाही, आणि आणखी एका परंपरेनुसार ती यूए राज्याच्या गोउज्येन राजापासून सुरू झाली. सातव्या शतकात सिद्ध झालेल्या सुइ राजवंशाच्या अधिकृत इतिहासात तर छ्यू युआन पाचव्या महिन्याच्या पौर्णिमेला बुडाला, असे म्हटले आहे. त्याचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या झीग्वेइ येथे आजही त्या महिन्याच्या पंधराव्या दिवसाला ‘मोठा दुआनवू’ म्हणतात. एकाच मृत्यूला दोन तारखा आणि एकाच शर्यतीला तीन धनी, अशी ही स्थिती आहे.

वू झीशू हा वू राज्याचा सल्लागार. फूछाय राजाने इ.स.पू. ४८४ मध्ये त्याला आत्महत्येस भाग पाडले आणि त्याचे प्रेत कातडी पोत्यात घालून नदीत फेकून दिले. लोकांनी हळहळून नदीकाठी त्याचे देऊळ बांधले, असे ‘शिजी’ सांगते. या देवाच्या संदर्भात एक घटना वर्षासह नोंदलेली आहे. इ.स. १४३ मध्ये, पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, आजच्या चच्यांग प्रांतातील शांगयू येथे त्साव शू नावाचा एक भगत देवाच्या स्वागतासाठी नदीच्या लाटांवर गेला आणि बुडाला. प्रेत सापडले नाही. त्याची चौदा वर्षांची मुलगी त्साव-अ हिने सतरा दिवस काठाकाठाने आक्रोश करीत शोध घेतला आणि अखेर नदीत उडी घेतली. इ.स. १५१ मध्ये स्थानिक अधिकाऱ्याने तिच्या स्मरणार्थ शिलालेख उभारला. त्या नदीला आजही तिचेच नाव आहे.

या नोंदीचे महत्त्व पुरेसे ओळखले जात नाही. छ्यू युआनची कथा या तारखेला चिकटल्याची स्पष्ट साक्ष मिळण्यापूर्वी साडेतीनशेहून अधिक वर्षे याच दिवशी, याच प्रकारच्या पाण्यावर एक विधी चालू होता आणि त्यात खरी माणसे बुडत होती. भगताचे नाव इतिहासात राहिले ते केवळ मुलीचा बाप म्हणून. मुलीचे राहिले ते पितृभक्तीचा आदर्श म्हणून. ज्या विधीत दोघे गेले तो विधी कशासाठी होता, याविषयी शिलालेखाच्या परंपरेला फारसे सांगायचे नव्हते.

४

आता त्साव त्सावच्या प्रश्नाकडे वळता येईल. झीतुई, झीशू आणि छ्यू युआन या तिघांत काय समान आहे? तिघेही राजाशी एकनिष्ठ होते, तिघांवरही राजाने अन्याय केला आणि तिघांनाही अकाली, हिंस्र मरण आले. एकाला रीतसर दफन नाही, दुसऱ्याचे प्रेत नदीत फेकलेले, तिसरा पाण्यात नाहीसा झालेला. प्राचीन चिनी विचारात असे मृत धोकादायक असतात. ‘झुओझुआन’मध्ये इ.स.पू. ५३५ च्या नोंदीखाली बोयोउ या मारल्या गेलेल्या सरदाराच्या भुताने माजविलेल्या दहशतीची हकीकत आहे. झंग राज्याचा मंत्री झीछान याने त्याच्या मुलाला अधिकारपद देऊन त्याच्या श्राद्धाची सोय केली. भुताला परतण्यासाठी जागा मिळाली की ते उपद्रव देत नाही, हे त्याचे स्पष्टीकरण चिनी मृतसंकल्पनेचे सूत्र मानता येईल.

या दृष्टीने पाहता धोक्याचा दिवस आणि धोक्याचा मृत यांची जुळणी स्वाभाविक ठरते. भर हिवाळा आणि भर उन्हाळा ही वर्षाची दोन अवघड टोके. त्या वेळी जे मरण सर्वत्र पसरलेले असते त्याला एक चेहरा हवा असतो, कारण चेहरा असलेल्या मरणाशी बोलता येते, त्याला अन्न देता येते आणि प्रसंगी झोऊ जूप्रमाणे त्याला पत्रही लिहिता येते. पुढे लेखनकला ज्यांच्या हाती होती त्या अधिकारीवर्गाने या भयकारी मृतांतून नेमके तेच निवडले, ज्यांच्यात त्याला स्वतःचे भवितव्य दिसत होते : अपमानित, हद्दपार, पण निष्ठा न सोडणारे सेवक. बुडालेला भगत या निवडीत बसत नव्हता.

या निवडीत साहित्याचा वाटा सणांहून आधीचा आहे. ‘छूत्स’ या संग्रहातील ‘नऊ रचना’ परंपरेने छ्यू युआनच्या मानल्या जातात. त्यांतील काही हान काळातील असाव्यात, असे आधुनिक अभ्यासकांचे मत आहे. या रचनांत झीतुई आणि झीशू या दोघांचे उल्लेख येतात. कवितेतील हद्दपार वक्ता त्या दोघांना आपले पूर्वसूरी मानतो, त्यांच्या वाटेने जाण्याची भाषा करतो. म्हणजे तिघांची सांगड प्रथम कवितेत पडली. एक नदीवरचा विधी सोडला तर सणांच्या लिखित साधनांत ती जोडणी दिसू लागते ती नंतर. कविता येथे लोकाचाराचे प्रतिबिंब म्हणून येत नाही; लोकाचाराला नायक पुरविणारी शक्ती म्हणून येते. लोकसाहित्याकडून शिष्ट साहित्याकडे असा एकेरी प्रवास गृहीत धरणाऱ्या मांडणीला हे उदाहरण मोठा अपवाद आहे.

५

या निष्कर्षाचा पडताळा सातव्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सणावर पाहता येतो. येथे कथा उघडपणे बाहेरून, बौद्ध ग्रंथातून आली. मौद्गल्यायन, चिनी परंपरेतील ‘मूल्येन’, आपल्या दिव्यदृष्टीने मृत आईला प्रेतयोनीत पाहतो. तो तिला अन्न देतो, पण तोंडाशी नेताच त्याचे निखारे होतात. वर्षावासाच्या अखेरीस, सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी, संघाला दान करावे म्हणजे तिची सुटका होईल, असे बुद्ध त्याला सांगतो. ज्या सूत्रात ही कथा आहे त्याचे भाषांतर तिसऱ्या शतकातील धर्मरक्षाच्या नावावर आहे. परंतु ते कर्तृत्व शंकास्पद मानले जाते आणि मूळ भारतीय ग्रंथ उपलब्ध नाही. वर्षावास, प्रेतयोनी आणि मौद्गल्यायन हे घटक भारतीय आहेत. आईच्या ऋणासाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवण्याची रचना चीनमध्ये घट्ट रुजली. तुनहुआंग येथे सापडलेल्या हस्तलिखितांत ही कथा गद्यपद्यमिश्रित लोकभाषेत विस्तारलेली आढळते. त्यांतील एका प्रतीवर इ.स. ९२१ हे वर्ष आहे.

येथे क्रम उलट आहे : कथा आधी, सण नंतर. तरीही ती रुजली ती त्याच जागी, अन्नावाचून तळमळणाऱ्या मृतांच्या जागी. छ्यू युआनचा घास नाग चोरतो, मूल्येनच्या आईचा घास जळून जातो. दोन्ही कथांत अर्पण मृतापर्यंत पोहोचत नाही आणि ते पोहोचविण्याची योग्य रीत शिकविणे हेच कथेचे काम आहे. एकीत रीत धाग्याची आणि पानाची, दुसरीत संघदानाची. सूत्र भारतातून आले असो वा चीनमध्ये रचले गेले असो, ते टिकले ते तेथील जुन्या प्रश्नाला त्याने नवे उत्तर दिले म्हणून.

६

कथा हा दावा असतो, हे विसाव्या शतकात उघड झाले. १९४१ मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, छुंगछिंग या युद्धकालीन राजधानीत लेखकांनी दुआनवू हा ‘कविदिन’ म्हणून घोषित केला. १९४२ मध्ये तेथेच गुओ मोरुओचे ‘छ्यू युआन’ हे नाटक रंगभूमीवर आले. १९५३ मध्ये जागतिक शांतता परिषदेने कोपर्निकस, राबले आणि होसे मार्ती यांच्या बरोबरीने छ्यू युआनचे स्मरण केले. दरबारातून हाकललेला सरदार आता लोकांचा कवी आणि देशभक्त झाला.

याच काळात कवी आणि ‘छूत्स’चे अभ्यासक वन यीदुओ यांनी दुआनवूच्या उगमाचा शोध घेतला. हा मुळात दक्षिणेकडील वू आणि यूए जमातींचा नागपूजेचा सण होता, छ्यू युआनशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला, असे त्यांनी मांडले. त्यांच्या नागकुलविषयक मताला पुढे आक्षेप घेतले गेले. परंतु ते येथेच थांबले नाहीत, हे महत्त्वाचे आहे. कथा खोटी असली तरी लोकांना तिची गरज का पडली, हे त्यांनी विचारले. जगायचे कसेबसे, ही चिंता ज्या समाजाची होती त्याला पुढे जगायचे कशासाठी, हा प्रश्न पडला आणि म्हणून सणाला नवा नायक लागला, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. जुलै १९४६ मध्ये कुनमिंग येथे वन यीदुओंची राजकीय हत्या झाली. कथेचे मूळ खोडूनही तिचा अर्थ राखणारा हा अभ्यासक स्वतःच त्या नामावळीत जाऊन बसला.

एकविसाव्या शतकात दाव्याला राष्ट्रीय रूप आले. दक्षिण कोरियातील गांगनुंगचा ‘दानोजे’ उत्सव युनेस्कोच्या यादीत जाणार, या वार्तेवर २००४ मध्ये चीनमध्ये तीव्र प्रतिक्रिया उमटली; नोव्हेंबर २००५ मध्ये तो उत्सव यादीत आला. २००८ पासून चीनने छिंगमिंग, दुआनवू आणि मध्यशरद हे सण सार्वजनिक सुट्टीचे केले आणि २००९ मध्ये दुआनवूही युनेस्कोच्या प्रातिनिधिक यादीत दाखल झाला. आमचा सण त्यांनी पळविला, असा चीनमधील आक्षेप होता. परंतु दानोजेच्या केंद्रस्थानी स्थानिक पर्वतदेवतेची पूजा आणि भगतिणींचे विधी आहेत. छ्यू युआन तेथे नाही. व्हिएतनाममध्ये याच दिवशी आंबविलेला चिकट भात आणि फळे खाऊन पोटातले ‘किडे’ मारतात. जपानमध्ये हा दिवस १८७३ च्या दिनदर्शिकाबदलानंतर ५ मेला गेला आणि १९४८ पासून तो बालदिन आहे.

या सर्वांत सीमा ओलांडून गेलेली वस्तू शोधायची तर ती म्हणजे वेखंड, आपल्याकडे बाळगुटीत उगाळले जाते तेच. चीनमध्ये त्याची पाने तलवारीच्या आकारात दारावर टांगतात. कोरियात त्याच्या पाण्याने स्त्रिया केस धुतात. जपानमध्ये ते स्नानाच्या पाण्यात घालतात. तेथे त्याच्या नावाचा उच्चार ‘शौर्याची चाड’ या अर्थाच्या शब्दासारखा असल्याने हा दिवस सामुराई घराण्यांत मुलग्यांचा झाला. वेखंडाने प्रवास केला. कथा मात्र प्रत्येक देशाने आपापली लावली. मालकीचा वाद जिच्यावरून झाला ती कथा चीनबाहेर या सणाच्या केंद्रस्थानी कधी आलीच नाही.

२००९ च्या चिनी नोंदीतही हे थर दिसतात. तीत चार ठिकाणच्या प्रथा आहेत. झीग्वेइ आणि मिलुओ छ्यू युआनच्या आहेत. परंतु सूझोऊ वू झीशूचे आहे आणि ह्वांगशी येथील शीसाय भागात कागद-बांबूची ‘दैवी नाव’ यांगत्से नदीत सोडून रोगराईला निरोप देतात. कवी, त्याचा प्रतिस्पर्धी आणि दोघांहून जुने भय असे तिन्ही थर एकाच सरकारी अर्जात शेजारी शेजारी बसलेले आहेत.

तौलनिक अभ्यासकाने यातून घ्यावयाची पद्धतीविषयक सूचना साधी आहे. सणामागच्या कथेला ‘ही खरी का’ एवढाच प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा नकारार्थी येते आणि अभ्यास संपतो. ती केव्हा आली, तिने कोणती वस्तू जुन्या आचारातून उचलली आणि कोणाचे मरण तिने झाकले, हे प्रश्न विचारले तर अभ्यास सुरू होतो. अग्नीच का आणि पाणी का नाही, या त्साव त्सावच्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच आहे. वूच्या लोकांनी पाणी सोडले नाही, कारण त्यांचा विधी पाण्यावर जाण्याचा होता. ताययुआनच्या लोकांनी चूल विझवली, वूच्या लोकांनी नाव लोटली, आणि दोन्हीकडे त्याची किंमत माणसांनी मोजली. हुकूम काढताना त्साव त्सावला थंडीने मरणारी मुले दिसत होती. शांगयूच्या नदीत त्रेसष्ट वर्षांपूर्वी बुडालेली मुलगी त्याच्या युक्तिवादात आली नाही.